नातीचं नाव, आणि ते म्हणायचं कसं

अबेरस्ट्विथ (वेल्स), रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईने मध्येच फोन बाबांकडे दिला असता आणि बाबांनी ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून दिला असता. म्हणून लिहितोय. नाव ठरलं. ठरलं म्हणजे परवा नोंदही झाली. इथे जन्मापासून ४२ दिवसांत नोंद करावी लागते, आम्ही ३८व्या दिवशी गेलो. इतकं थांबलो ते तुमच्यासाठीच, आणि तरी तुम्हाला शेवटचं विचारलं नाही, ही टोचणी आहेच. दाखला वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषांत मिळाला, कारण माहिती देणाऱ्या तुमच्या सुनेला आणि रजिस्ट्रारबाईंना दोघींनाही वेल्श येतं. पहिलं नाव बदलायला नोंदीनंतर १२ महिने मुभा असते. हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. बदलणार नाही आहोत.

ल्हिनॉस कमळ. रोमन लिपीत दोन एल, मग आय, एन, ओ, एस. पुढचं ‘कमळ’ कोणाचं ते सांगायला नको.

आई, तू ‘लीला’ म्हणत होतीस आणि गुरुजींनी भरणीचा पहिला चरण म्हणून ‘ली’ काढून दिलं होतं, ते मी विसरलेलो नाही. ‘ल्हि’ त्याच्या किती जवळ आहे बघ. खरं सांगायचं तर नाव आम्ही सहाव्या महिन्यातच मनात धरलं होतं, अक्षर मागाहून जुळलं. पण जुळलं ना?

आणि अर्थ ऐक. ल्हिनॉस हा पक्षी आहे, चिमणीहून किंचित लहान. विणीच्या दिवसांत नराच्या छातीवर तांबडा रंग चढतो. वेल्शमध्ये ‘ल्हीन’ म्हणजे जवस, आणि जवसाच्या बिया टिपणारा तो ल्हिनॉस. ज्या घरात जवसाच्या चटणीशिवाय भाकरीचा तुकडा मोडत नाही, त्या घरच्या मुलीला तुम्ही पंचांग उघडूनही यापेक्षा बरं नाव काढलं नसतं.

बाकीची नावं का गळली तेही सांगतो, म्हणजे तुमचा जावईशोध थांबेल. मुलगा झाला असता तर डेवी ठेवायचं होतं. वेल्सचे संत डेविड ते हेच, १ मार्चला त्यांचा दिवस असतो. पण ‘पोराला डेवी’ ऐकून सोसायटीतल्या काकूंनी देवी आल्या की काय म्हणून कडुलिंब धाडला असता. मुलींमध्ये एक नाव आहे, अर्थ ‘पहाट’, उच्चार ‘ग्वाउर’. कपिलतीर्थ मंडईत सांगून बघ, पाव किलो तोलून देतील. ‘माली’चा माळी व्हायला वेळ लागला नसता. सेरेन, म्हणजे तारा, तेवढं सोपं होतं. पण इतकं सोपं की बागेत हाक मारली तर चार मुली वळतात.

आता उच्चार. घाबरू नका, वेल्श इंग्रजीसारखी लहरी नाही. आपल्यासारखीच, लिहिलं तसं वाचायची भाषा आहे, फक्त अक्षरांचे सूर वेगळे. वर्णमालेत २९ अक्षरं, आणि त्यातली काही दोन चिन्हांची मिळून एक. दोन एल हे एकच अक्षर आहे. वेल्श शब्दकोड्यात ते एका चौकोनात बसतं, शब्दकोशात एलनंतर त्याचा वेगळा विभाग असतो. एफ म्हणजे व्ह, दोन एफ म्हणजे फ. यू म्हणजे जवळजवळ ई. वाय शेवटच्या अक्षरात इ, त्याआधी आला तर आपला सरळ अ. बाबा, तुम्ही विचारत होतात ना, पाकिटावर सी-वाय-एम-आर-यू लिहितात ते काय? ‘कम्री’. म्हणजे वेल्स. या नियमांनी वाचून बघा, बरोबर येतं.

इंग्रजांना ज्या दोन अक्षरांपुढे घाम फुटतो, त्यांची भावंडं आपल्याकडे आधीच आहेत. ऱ्हासातला ऱ्ह आणि कोल्हापुरातला ल्ह. जन्मभर कोल्हापूर म्हणणाऱ्यांना ल्हिनॉस जमणार नाही हे मी ऐकून घेणार नाही. फरक एवढाच, आपला ल्ह घुमतो, त्यांचा घुमत नाही, नुसती हवा असते. तेव्हा असं करा:

‘ल’ म्हणा आणि जीभ तिथेच ठेवा, टोक वरच्या दातांमागे हिरडीला टेकलेलं. आता आवाज बंद. गळ्यावर दोन बोटं ठेवा, कंप थांबला पाहिजे. टोक न हलवता हवा सोडा. ती जिभेच्या कडेवरून गालाकडे निघते, एका बाजूने निघाली तरी चालतं. चिडलेल्या मांजरासारखा मऊ फिस्कार ऐकू येईल. जीभ योग्य जागी आहे का हे बघायला उलटी युक्ती आहे: टोक तसंच टेकवून झटकन श्वास आत ओढा. जिभेच्या कडांना गार लागलं तर जागा बरोबर, टोकाला गार लागलं तर जीभ सुटलीय. मग त्या फिस्काराला ‘इ’ जोडायचा आणि आवाज तिथून सुरू करायचा. ल्ह-इ-नॉस. जोर पहिल्यावर, कारण वेल्शमध्ये आघात बहुतेक शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो आणि आपल्याकडे अक्षरंच दोन आहेत. शेवटी स, ज नाही.

चुकतं कुठे? जीभ सुटली की नुसता ‘ह’ उरतो. टोक दातांमध्ये आलं की ‘थ्ल’ होतं. घाई केली की ‘क्ल’ होतं, इंग्रज पाहुणे हमखास हेच करतात. आपल्या लोकांचा खास धोका वेगळा: दोन एल बघून ‘लल्लिनोस’ म्हणायचा किंवा ळ करायचा. ळला जीभ मागे वळते, इथे ती पुढेच राहते. अगदीच जमेना तर साधं ‘लिनॉस’ म्हणा, ‘क्लिनॉस’पेक्षा ते केव्हाही बरं. बाबा, तुम्हाला हे अक्षर नवं नाही. क्लाइव्ह लॉईडचं आडनाव मुळात वेल्शच, ‘ल्हुइड’, म्हणजे करडा. ज्यांना ल्ह जमला नाही त्यांच्यातल्या कोणी त्याचं लॉईड केलं, कोणी फ्लॉईड. १९८३ला बिन्नीच्या चेंडूवर कपिलच्या हातात झेल देऊन गेला त्याचं नाव तुम्ही गेली चाळीस वर्षं चुकीचं घेताय, एवढंच.

सराव एका वेळी पाच-सहादाच करा. सतत फुंकलं की चक्कर येते, आणि स्टेंटनंतर बाबांनी कशावरही दम काढायचा नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय. सकाळच्या गोळ्या आणि नाश्ता झाल्यावर, बसून. पुढच्या खोलीतला आरसा घ्या. मला ळ येत नव्हता तेव्हा बाबांनी ज्याच्यासमोर उभं केलं होतं तोच. ‘शाला नाही, शाळा’. आता तुमची पाळी.

तिला नावाला प्रत्यय लावताना बिचकू नका. ल्हिनॉसला, ल्हिनॉसची, ल्हिनॉसनं, सगळं चालतं. आपण शब्दाचा शेवट वाकवतो, कोल्हापूर-कोल्हापुरात. वेल्श लोक सुरुवात वाकवतात: ‘कम्री’, पण वेल्समध्ये म्हणायचं तर सुरुवातीचा ‘क’ जाऊन ‘ङ्ह’ येतो. माणसांच्या नावांचं मात्र हल्ली असं करत नाहीत, तेव्हा तिचं नाव कुठेही तेच राहील.

घरात चिमणी म्हण, आई. ती चिमणीच्याच गोतावळ्यातली आहे, कोणी हसणार नाही. ‘लीना’ मात्र करायचं नाही. लाडानेसुद्धा नाही. इथली आजी, तिला इथे माम-गी म्हणतात, रोज ‘कमळ’ घोकते आहे. तिच्या भाषेत ळ नाही, म्हणून अजून ‘कमल’ होतं, पण ती जीभ वळवून वळवून सोडत नाही. तिच्यापुढे आपण ‘लीना’ म्हणून मोकळं व्हायचं, बरं दिसेल का?

आता कामाचं. गुजरीत चांदीच्या वाटी-चमच्यावर नाव घालायला टाकणार असाल तर देवनागरीत घालायला सांगा: ल ला ह जोडून, र्‍हस्व वेलांटी, न वर ऑ, स. रोमनमध्येच हवं असेल तर पहिला एल मोठा, दुसरा लहान. कारागीर दुसरा एल चूक समजून गाळेल नाहीतर दोन्ही मोठे करेल, म्हणून कागदावर लिहून द्या आणि घडवण्याआधी मला फोटो पाठवा. कोणत्याही फॉर्मवर मधल्या नावाच्या जागी सवयीने माझं नाव घालू नका, तिथे कमळ आहे. एफडीची घाई नको. तिचा पासपोर्ट येऊ दे, त्यावरचं स्पेलिंग बघूनच लिहा. छोटा एल आणि मोठा आय छापील अक्षरात सारखे दिसतात, मग बँकेत ती ‘इलिनॉस’ होते आणि बाबांना खेटे घालावे लागतात.

ती बरी आहे. खोली गरम असते, आईने पाठवलेली दुपटी दोन घड्या करून पुरतात, बाळगुटीचं मात्र डॉक्टर नको म्हणाले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

बारसं कोल्हापुरातच, नोव्हेंबरमध्ये. पाळणा माळ्यावरून काढून ठेवा, पण बाबांनी शिडीवर चढायचं नाही. ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ तुझ्या आवाजात हवं, आई. आत्या म्हणून नाव ताई सांगेल. तिला म्हणावं, अख्ख्या घरात सर्वांत सोपं काम तुझं. कुजबुजताना गळा घुमत नाही, ल आपोआप मुका होतो. त्याला थोडी हवा दिली की अस्सल वेल्श ल्ह. कुर्रर्र करून झालं की जिभेचं टोक टेकवायचं, आणि मग नाव. फक्त जोरात फुंकू नकोस म्हणावं, कान लहान आहे.

घुगऱ्यांचे हरभरे आदल्या रात्रीच भिजत घाला.

तुमचा,
बाळ्या