ऑइल पॅन पुन्हा उतरव

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या साध्या सुबारू इम्प्रेझात बसवायला बांधतो आहेस त्या टर्बो इंजिनाचे फोटो मिळाले. पुसून चकचकीत केलेल्या टर्बोचा फोटो बाबांनी चार वेळा पाहिला आणि मग मला दाखवायला आणला. मी मात्र तिसऱ्या फोटोवर अडकले. स्टँडवर उलटं फिरवलेलं इंजिन, आणि ऑइल पॅनच्या, म्हणजे तळाच्या तेलाच्या तसराळ्याच्या, कडेनं बाहेर आलेली ती सांधा बंद करायच्या करड्या पेस्टची वळी. एका कोपऱ्यात तर करंगळीएवढी जाड. तू ती बोटानं पुसून सारखी केली आहेस, तेही दिसतंय. बाळा, जेवढी बाहेर आली तेवढीच आतही गेली असणार. आतली कोणी पुसली?

इंजिन बांधायच्या कामात माझी तेवीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) मायक्रोमीटर धरण्यात, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते असं, की पाचव्या की सहाव्या वर्षी मी एक चांगलं इंजिन घालवलं होतं. शनिवारची संध्याकाळ, गाडी त्याच दिवशी द्यायची होती, आणि तेल गळून सोमवारी कोणी ओरडायला येऊ नये म्हणून मी पॅनला पेस्ट सढळ हातानं लावली. गळाली नाही. अकराव्या दिवशी गाडी दोरीला बांधून परत आली. पॅन उतरवला तर तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर वाळलेल्या पेस्टचे तुकडे, सुतळीच्या तुकड्यांसारखे, गच्च बसलेले. दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जागचं फिरलं होतं, जर्नल निळी पडली होती. कारण मालकाला मीच सांगितलं. तो ओरडला नाही. नुसता ती जाळी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हणून म्हणते, पॅन उतरव. अजून इंजिन स्टँडवर आहे, तासा-दीड तासाचं काम आहे. एकदा ते गाडीत बसलं, की क्रॉसमेंबर, एक्झॉस्टच्या नळ्या, सगळं आडवं येईल आणि तू म्हणशील ‘चालतंय ना’. दोन्ही कडा खरवडून तेलाचा अंशही राहणार नाही अशा पूस, आणि मग तीन-चार मिलिमीटरची एकच अखंड रेघ ओढ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. ट्यूबवर वाळायची वेळ लिहिलेली असते, तेवढी जाऊ दे आणि मगच तेल भर.

पॅन उघडा असताना दोन गोष्टी बघ. एक, ती तेल ओढणारी नळी. सुबारूच्या या ईजे मालिकेच्या इंजिनांत तिच्या जोडाला तडा गेल्याची उदाहरणं बरीच आहेत. तडा गेला की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो, आणि गेजवर दाब पडलेला दिसेपर्यंत बेअरिंगचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुसरं, सर्कलिपा, म्हणजे पिस्टनच्या पिना जागेवर धरणाऱ्या बारीक कड्या. हे बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडव्या पिस्टनांचं, इंजिन बांधणं म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवण्यासारखं आहे. आधी ब्लॉकचे दोन अर्धे जुळवायचे, मग बाजूच्या भोकांतून पिस्टनच्या पिना सरकवायच्या, आणि मग पक्कडीनं सर्कलिपा बसवायच्या. तू फोनवर म्हणालास, एक उडाली होती पण सापडली. सापडली ती तीच होती ना? चार पिस्टन, आठ सर्कलिपा. नवीन पाकिटात किती उरल्या ते मोज.

तेलाबद्दल इतकी कटकट का, तर टर्बोमुळे. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो बसलेला असतो नुसत्या तेलाच्या थरावर. क्रँकच्या बेअरिंगमधली फटसुद्धा मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांतलीच. या सगळ्या फटी त्या एका जाळीतून आलेल्या तेलावर जगतात. टर्बोला तेल देणारी नळी बारीक चालते, कारण तिथे पंपाचा दाब असतो. परतीची मात्र जाडच हवी. टर्बोतून बाहेर पडणाऱ्या तेलाला दाब उरत नाही, ते नुसत्या उतारानं खाली येतं. तुझ्या फोटोत ती रबरी नळी एका जागी पोट सुटल्यासारखी खाली लोंबून पुन्हा वर चढली आहे. तिथे तेल थांबेल, टर्बोच्या सीलमधून बाहेर ढकललं जाईल आणि तू निळा धूर बघून पिस्टनच्या रिंगांना दोष देत बसशील. नळी काप, सरळ उतार दे.

आता मागच्या डिफरन्शियलकडे ये, म्हणजे शाफ्टचा फेरा दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीकडे. याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस, त्यामुळे मला धास्ती आहे. तू पुढून अर्धी कापलेली गाडी आणलीस, त्यात इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) सगळं आलं. हे शहाणपणाचं केलंस. सुटे भाग गोळा करत बसणाऱ्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं स्टँडवर राहतात. पण अर्ध्या गाडीबरोबर मागचा डिफरन्शियल येत नाही. चारही चाकं ओढणाऱ्या तुझ्या इम्प्रेझाला पुढच्या चाकांचा डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात आहे, आणि तो आता टर्बोवाल्या गाडीचा आहे. मागचा राहिला जुन्या साध्या गाडीचा. समज चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे पुढे ४.४४ आहेत आणि मागे ४.११. म्हणजे पुढची चाकं आणि मागची चाकं सरळ रस्त्यावरही आठ टक्के वेगळ्या वेगानं फिरायला बघणार. रस्ता त्यांना तसं फिरू देणार नाही, आणि तो फरक सारा मधल्या डिफरन्शियलच्या व्हिस्कस कपलिंगला (घट्ट द्रवानं पुढची-मागची बाजू जोडणाऱ्या डब्याला) गिळावा लागेल. ते तापेल, आतला द्रव घट्ट होईल आणि मग वळताना गाडी अडखळत उड्या मारायला लागेल. नुसता क्लच तापल्याचा वास आला तर नशीब समज.

तपासायला पाटी शोधत बसू नकोस, पाट्या बदललेल्या असतात. गाडी मागून स्टँडवर घे, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब दांड्यावर, खडूची खूण कर. एक मागचं चाक कोणाला तरी घट्ट धरायला लाव आणि दुसरं मोजून अठरा फेरे फिरव. एक चाक थांबलेलं असताना डिफरन्शियलची पेटी निम्मीच फिरते, म्हणजे नऊ फेरे. शाफ्टची खूण सदतीस वेळा वर आली तर ४.११, चाळीस वेळा आली तर ४.४४. आत लिमिटेड स्लिप (दोन चाकांना फार वेगळं फिरू न देणारी रचना) असेल तर चाक सहजासहजी फिरणार नाही. मग दोन्ही चाकं सुटी करून एकाच दिशेनं नऊ-नऊ फेरे फिरवा. गिअरबॉक्सचंही असंच मोज, कागदावर विश्वास ठेवू नकोस. आणि हो, चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले. परिघात सहा मिलिमीटरच्या वर फरक नको. टायर बदलायचे तर चारही.

वायरिंगचं तू नीट करतो आहेस. प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी, आणि इंजिनाचा अर्थिंगचा पट्टा लक्षात ठेव, बास. कागदपत्रांत इंजिन क्रमांक बदलून घ्यायचा आणि विम्यालाही कळवायचं. ते गाडी रस्त्यावर आणायच्या आधी, नंतर नव्हे.

मग तुझा तो दीड बारचा बूस्ट, म्हणजे टर्बोनं हवेला द्यायचा जादा दाब (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा). वाचून हसू आलं. इंजिन अजून एकदाही फिरलेलं नाही आणि तू त्याला दीड बार पाजायला निघालास! एका बारवरच बघ: टर्बो हवा दुप्पट दाबाची करतो, पण दाबली की हवा तापते. ३० अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून बाहेर येताना सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलर तिला निववतो, पण तोही जितका मोठा आणि जितका वाऱ्यात, तितकाच. तापलेली हवा आणि अपुरं पेट्रोल एकत्र आलं की मिश्रण आपल्या वेळेआधी पेट घेतं, पिस्टनच्या वरच्या रिंगजवळची धार तुटते आणि मग कितीही भारी टर्बो लाव. साध्या चालीत १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, पण बूस्टमध्ये ११ ते १२ च्या मध्ये ठेवावं लागतं, आणि हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर लावल्याशिवाय दिसत नाही. तो गेज आधी, आवाज करणारा तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह नंतर. खरं तर तो लावूच नकोस. तुझ्या इसीयूनं एअरफ्लो सेन्सरवर मोजलेली हवा बाहेर फेकली की पेट्रोल तेवढंच पडत राहतं आणि गिअर बदलताना गाडी काळा धूर ओकते.

पहिले हजार किलोमीटर बूस्ट वाढवणारी सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) बाजूला ठेव. वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर जेवढा बूस्ट येईल, अर्ध्या बारच्या आसपास, तेवढ्यावर चालव. आणि पहिल्यांदा स्टार्टर मारशील तेव्हा इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, तेलाचा दाब गेजवर चढेपर्यंत नुसतंच फिरव.

ब्रेकबद्दल बाबांनी लिहायला सांगितलं आहे. शंभरच्या वेगाऐवजी एकशे चाळीसवरून थांबायचं तर ब्रेकला जवळजवळ दुप्पट उष्णता सोसावी लागते. तुझ्या गाडीला अजून साध्या गाडीच्याच लहान डिस्क आहेत. बाबांचं म्हणणं, चार चाकं ओढतात म्हणून चार चाकं थांबवतातही असं पोरांना वाटतं, पण थांबवताना सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात. मला या बाबतीत त्यांचं पटतं. नेहमी पटतंच असं नाही.

मी शनिवारी सकाळी पोचते. मायक्रोमीटर माझा आणते, तुझा तो डिजिटल मला नको. पॅन उतरवून ठेव, बोल्ट एका डब्यात. आतली कड मात्र मी येईपर्यंत पुसू नकोस, मला ती तशीच बघायची आहे.

तुझी,
आई