टायरमधला सराटा

फलटण, ४ डिसेंबर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

माद्रिदच्या विमानतळावर तू विचारलंस, "बाबा, सहा दिवस एकटे काय केलंत तिकडे?" आणि मी "सायकल चालवली" एवढंच बोललो. मागे रांग होती, आणि तुझी आई दोनदा म्हणून झाली होती की बॅगेचं वजन जास्त होणार. आता तू मार्चमध्ये त्याच वाटेने जायचं म्हणतेस असं तिच्याकडूनच कळलं. म्हणून लिहायला बसलो. फोनवर सांगायला गेलो की तू दोन मिनिटांत "हं, हं" करायला लागतेस.

माझी एकतीस वर्षं एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. नुसत्या हॉर्नवरून ड्रायव्हर ओळखायचो. निवृत्त झाल्यावरही रात्री कानात इंजिनं घरघरत असायची. माद्रिदहून आलेली आगगाडी पश्चिम स्पेनमधल्या मोन्फ्राग्वेच्या स्टेशनवर मला आणि तुझ्या सायकलला उतरवून निघून गेली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कानाला दडा बसला. जबडा हलवून पाहिला, नाक दाबून पाहिलं. दडा नव्हता. तिथे आवाजच नव्हता.

नंतर कळलं की तसंही नाही. आवाज असतात, पण सुटे सुटे. पिकलेलं ओकफळ खाली पडतं, टप. लांब कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा. मग काही नाही. मग पुन्हा टप. हिवाळ्याला उत्तर युरोपातून येणारे क्रौंच डोक्यावरून जातात, ते दिसायच्या बरेच आधी ऐकू येतात. आणि डुकरं. काळी, बारीक पायांची, झाडाखाली मान घालून उभी. फळ तोंडात घेऊन कटकन फोडतात, गर खातात, टरफल बाहेर टाकतात. शेंगा सोलणाऱ्या माणसासारखी. कुंपणाला सायकल टेकवून मी अर्धा तास ते बघत होतो. एवढा वेळ मी तुला शाळेच्या स्नेहसंमेलनातही पाहिलं नसेल, तिथे लक्ष घड्याळाकडे असायचं.

या मुलखाला देएसा म्हणतात. शब्द लॅटिनमधल्या 'राखलेलं' या अर्थाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे आपलं राखीव कुरणच. लांबून आमराई वाटते, पण झाडं एकमेकांवर रुसल्यासारखी दूर दूर उभी, एकरी पंधरा-वीस. फांद्या पिढ्यान्‌पिढ्या छाटून छत्रीसारखा घेर केलेला, म्हणजे सावली जास्त आणि फळ जास्त. खाली गवत, गवतावर मेंढ्या, गाई, आणि साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी डुकरं. त्यांच्या या चराईच्या हंगामाला मोंतानेरा म्हणतात. झाडी कितीही दाट असली तरी हेक्टरी सव्वा डुक्कर, त्यापेक्षा जास्त सोडायचं नाही, असा सरकारी नियम आहे. हा सव्वा मला फार आवडला. आपल्याकडे नवसाचा नारळ सव्वा रुपयासकट, तसं.

फळाला तिकडे बेयोता म्हणतात. शब्द अरबीतून आलाय, हिंदी-उर्दूतलं बलूत म्हणजे ओक, त्याच घरातला. आपल्या बलुत्याशी काही नातं नाही, मी उगाच दोन किलोमीटर ते जुळवत बसलो होतो. एक खाऊन पाहिलं. आधी गोडसर, मागाहून जीभ तुरट.

माळकरी माणसाने डुकरांच्या मुलखात जेवायचं काय, ही तुझ्या आईची काळजी खरी होती. तव्यावरचे पावाचे तुकडे म्हणून मागवावेत तर त्यातही मांस. सकाळी भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, यावर निभावलं. त्रुहियो गावात मात्र मेंढीच्या दुधाचं एक चीज मिळालं, तोर्ता देल कासार. वरचं झाकण कापून आतलं चमच्याने काढायचं, इतकं पातळ. ते विरजायला जनावराच्या पोटातला पदार्थ नाही घालत, रानातल्या एका काटेरी झाडाची सुकी फुलं घालतात. दुकानदारीणबाईंनी हाताने फूल काढून दाखवलं तेव्हा माझी खात्री पटली. तू ते खा. आणि लक्षात ठेव, दुपारी दोननंतर पाचपर्यंत गावात चिटपाखरू नसतं, दुकानं बंद. पाणी आधीच भरून घे.

आता रस्त्याचं. तू ऑक्टोबरमध्ये मला व्हिडिओ पाठवला होतास, माद्रिदच्या भर चौकातून मेंढ्यांचा कळप चाललाय आणि लोक फोटो काढतायत. मी विचारलं होतं, हा काय प्रकार, आणि तू लिहिलंस, "काहीतरी फेस्टिव्हल". काहीतरी नाही गं. १२७३ साली दहाव्या आल्फोन्सो राजाने मेंढपाळांच्या संघाला सनद दिली, मेस्ता म्हणून. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरात, हिवाळ्यात या दक्षिणेच्या कुरणात, असे कळप जायचे-यायचे. त्यांच्यासाठी वाटा राखल्या. सगळ्यात मोठ्या वाटेची रुंदी नव्वद वार, त्यांचा वार आपल्यापेक्षा थोडा लहान, म्हणजे साधारण ७५ मीटर. मेंढ्यांसाठी ७५ मीटर! आपला चौपदरी पालखीमार्ग त्यात सहज मावेल. मेस्ता १८३६ साली बंद झाली, पण वाटा गेल्या नाहीत. १९९५ च्या कायद्याने त्या सार्वजनिक मालकीच्या ठरल्या. कळपाचा मान पहिला, पण चालणाऱ्याला, घोडेस्वाराला आणि सायकलवाल्यालाही हक्क. माद्रिदमध्ये दर वर्षी कळप नेतात आणि पालिकेला जुनी नाणी मोजून देतात ती हा हक्क जिवंत ठेवण्यासाठी. १९९४ पासून चाललंय.

मी हे वाचलं होतं, पण अशा वाटेवर सायकल घातली तेव्हा डोळ्यांसमोर आपले धनगर आले. पावसाळा संपला की घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं लादून सातारा रस्त्याच्या कडेने जाणारे. मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न. त्यांची वाट या स्पॅनिश वाटांच्याही आधीची असणार, पण ती कुणी मोजून ठेवली नाही.

वाटेत तुला कुंपणावर पत्र्याची छोटी पाटी दिसेल, तिरकी कापलेली, अर्धी काळी, अर्धी पांढरी. ती पाहून मी पहिल्या दिवशी दोन वेळा मागे फिरलो आणि अकरा किलोमीटरचा फुकट वळसा घातला. ती प्रवेशबंदी नाही. शिकारीचे हक्क कुणाचे एवढंच ती सांगते. मात्र शनिवार-रविवारी शिकार चालू असली तर त्या बाजूला जाऊ नकोस, थंडीभर हंगाम असतो. फाटक असेल तर जसं होतं तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद. काही फाटकं म्हणजे नुसत्या तारा आणि काठ्या. काठीचं टोक तारेच्या कडीत अडकवायला छातीने रेटावं लागतं. मला एका ठिकाणी दहा मिनिटं लागली आणि पलीकडून एक गाय सगळं बघत होती.

सराट्याचं सांगतो. मोंतांचेसच्या अलीकडे मागचं चाक बसलं. जवळ जनावरांचा दगडी हौद होता. ट्यूब काढली, हवा मारली, पाण्यात फिरवली आणि बुडबुडे सापडले. मग टायरच्या आतून बोट फिरवलं, टोचलं. नखाने उपसून काढलं तर सराटा! आपला गोखरू, वारीत पायात मोडतो तोच. तेवढ्यात गुरांकडे आलेला एक म्हातारा थांबला होता. तळहातावर ठेवून त्याला म्हटलं, "सराटा." तो म्हणाला, "आब्रोखो." मी पुन्हा म्हटलं, त्याने पुन्हा म्हटलं. दोघंही एकमेकांना शिकवत होतो आणि शिकत कुणीच नव्हतं. सोल्यूशन वाळेपर्यंत त्याने पॅच अंगठ्याने दाबून धरला. अंगठा सालीसारखा होता.

सालीवरून आठवलं. कोर्नाल्वोच्या बाजूला बुचाचे ओक आहेत. खोडाची साल कुऱ्हाडीने सोलून घेतात, उन्हाळ्यात, नऊ वर्षांतून एकदा. आणि खोडावर पांढऱ्या रंगाने एकच आकडा लिहितात. मी एका झाडावर ८ पाहिला. म्हणजे २०१८. साल काढल्याचं साल. पहिली साल निघायलाच झाड पंचवीस-तीस वर्षांचं व्हावं लागतं, आणि बाटलीच्या बुचाला चालेल अशी चांगली साल तिसऱ्या खेपेला. बरीच झाडं वाळलेलीही दिसली, मुळांना बुरशीसारखा रोग लागतो. त्या पट्ट्यात फार थांबावंसं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र फोनवर मुद्दाम टाळली. त्रुहियो सोडून आडवाटेने मोंतांचेसकडे येताना जुनी सवय म्हणून मी वहीत गाड्यांची नोंद ठेवली. चार तासांत नऊ. त्यातली एक दोनदा आली, गावोगाव पाव विकणारी व्हॅन. सहा दिवसांत हॉर्न ऐकला तो तेवढाच, आणि तोही घरातल्या बायांना "पाव आलाय" म्हणून. नववी गाडी चढावर मागून आली. तिकडे सायकलीपासून दीड मीटर लांबून जायचा कायदा आहे. वळण होतं, तिला पुढचं दिसत नव्हतं, म्हणून ती माझ्यामागे हळूहळू येत राहिली. हॉर्न नाही, काही नाही. मलाच घाम फुटला. वाटलं, माझं काहीतरी चुकलंय. शेवटी मी उतरून बाजूला उभा राहिलो आणि हात केला. आतल्या मुलीने काच खाली करून आधी मलाच विचारलं, बरं आहे ना? तुझ्याच वयाची असेल.

ती गेल्यावर मी बराच वेळ सायकल धरून उभा होतो. सई, तू दहावीत असताना चौकात तुला ट्रकचा धक्का निसटता लागला, आणि दुसऱ्या दिवशी मी तुझी सायकल विकून टाकली. रस्ता मुलींसाठी नाही, असं काहीतरी बोललो. दादाची सायकल तशीच राहिली. तो त्याच चौकातून जायचा. तू रडली नाहीस, रिक्षाने जायला लागलीस, आणि मी रिक्षाचे पैसे भरून मोकळा झालो. रस्ता चुकीचा होता हे मला कळत होतं, माझी नोकरीच रस्त्याची होती. काढून टाकायला सोपी होतीस ती तू. हे त्या चढावर, तुझीच सायकल हातात धरून, मला पहिल्यांदा सरळ दिसलं. माद्रिदला आल्यावर पहिल्या पगारात तू सायकल का घेतलीस हे मी तुला कधी विचारलं नव्हतं.

असो. मार्चमध्ये पहाटे थंडी असेल, हातमोजे घे. हेल्मेट तिकडे गावाबाहेर सक्तीचं आहे. मेंढ्यांच्या राखणीचे मोठे कुत्रे धावून आले तर सायकल पळवू नकोस, उतरून ती मध्ये धर आणि चालत जा. मोन्फ्राग्वेत ताहो नदीवरच्या कड्यापाशी गिधाडं डोळ्यांच्या पातळीवरून जातात, तिथे सकाळी ऊन चढू लागलं की पोच. मेरिदात ग्वादियाना नदीवरचा रोमन पूल आहे, साठ कमानींचा, गाड्यांना बंद. त्यावरून दोनदा ये-जा कर, माझ्या नावाने एकदा.

तुझी सायकल मी व्हरांड्यात ठेवून आलो, पण धुतली नाही. आईची घाई होती. पुढच्या टायरच्या आतून एकदा बोट फिरवून बघ. मला वाटतं एक सराटा तिथेही राहिलाय.

तुझा,
बाबा