घरी सोडलेल्या फुप्फुसांचे काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
कर्नाटक शासन

स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात याल, तेव्हा बेळगावचे म्हणून ऊस, पाणी आणि सीमा हेच विषय कानावर पडतील. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मला बोलायचे आहे ते व्हायरल न्यूमोनियातून वाचलेल्या, घरी गेलेल्या आणि कागदोपत्री बऱ्या झालेल्या माणसांबद्दल.

हा विषय कोविडबरोबर संपलेला नाही. एच१एन१ (स्वाइन फ्लू) आपल्याकडे पावसाळ्यात डोके वर काढतोच, आणि त्याचा न्यूमोनियाही माणसाला व्हेंटिलेटरवर नेतो. विषाणू कोणताही असो, वायुकोशांच्या पातळ भिंती सुजतात, काहींच्या फुप्फुसांत कायमचे व्रण राहतात आणि ऑक्सिजन रक्तात नीट उतरेनासा होतो.

पेशंट खुर्चीत बसला असताना ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल. तो मात्र सांगत असतो, "बसल्यावर काय होत नाही, चाललं की दम लागायलाय." दोन्ही खरे असते. त्यालाच सहा मिनिटे चालवा, आकडा ८८ वर आलेला दिसेल. या चाचणीला ३० मीटरचा सरळ व्हरांडा, घड्याळ, ऑक्सिमीटर आणि शिकवून तयार केलेला एक माणूस लागतो. खानापूर, निपाणी, चिक्कोडी इथे यातले काय परवडणार नाही?

स्पायरोमेट्रीवरही सगळी भिस्त ठेवता येत नाही. हवा किती आत-बाहेर होते ते ती सांगते, रक्तात किती ऑक्सिजन पोहोचू शकतो ते नाही. त्यासाठी डीएलसीओ ही वेगळी तपासणी आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने कोविड होऊन गेलेल्या २०७ जणांना तपासले, तेव्हा सुमारे ४४ टक्के लोकांत ही क्षमता कमी आढळली. तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच जागी झाली तरी चालेल, पण ती सरकारी दरात हवी. नाहीतर लोक मिरज-कोल्हापूरची वाट धरतात, किंवा जातच नाहीत.

दिलासा असा की फुप्फुस बरेच भरून येते. २००३ च्या सार्स या विषाणूजन्य फुप्फुसाच्या आजारातून वाचलेल्या रुग्णांवर बीजिंगमधल्या डॉक्टरांनी १५ वर्षे लक्ष ठेवले. बहुतेक सुधारणा पहिल्या दोन वर्षांत झाली, नंतर फारसा फरक पडला नाही. ही दोन वर्षे आमच्याकडे कशी जातात? उद्यमबागेतला मोल्डर पगार बुडतो म्हणून पुन्हा फाउंड्रीच्या धुळीत उभा राहतो. निपाणीची बाई तंबाखूच्या वखारीत जाते. खानापूरच्या जंगलपट्टीत ओल्या लाकडांची चूल असतेच.

उपचाराच्या नावाखाली तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र हाती पडते. ते श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायचे; निम्मे लोक त्यात फुंकर मारत बसतात, कारण कुणी दाखवलेलेच नसते. शेजारी फुगे फुगवायला सांगतात. काहीजण जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर चालू ठेवतात, मग साखर वाढते. खरे पुनर्वसन म्हणजे सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा देखरेखीखाली चालणे, पायांचे व्यायाम, आणि धाप लागल्यावर ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकणे. पायांवर भर देतो, कारण आयसीयूत पडून मांड्या वाळतात आणि निम्मी धाप तिथूनच येते.

यातले काहीच पॅकेजमध्ये बसत नाही. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले असतात. फुप्फुसाचे खरे काम तर त्यानंतर सुरू होते. म्हणून तालुका रुग्णालयात आठवड्यातले दोन दिवस श्वसन-पुनर्वसनासाठी ठेवा. ज्याला ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागला, त्याला तीन, सहा आणि बारा महिन्यांनी बोलवा. आपल्या सरकारच्या 'गृह आरोग्य' योजनेत घरोघरी जाऊन रक्तदाब आणि मधुमेह तपासतातच. आशाताईंनी ऑक्सिमीटर लावून त्या माणसाला अंगणात चालायला लावले तर आणखी दहा मिनिटे जातील. अर्थात त्या दहा मिनिटांचे मानधनही द्यावे लागेल, आधीच त्यांच्यावर कामे कमी नाहीत. कणकुंबीहून येणाऱ्या बाईचे तिकीट शक्ती योजनेने वाचते, मजुरी वाचत नाही. तेवढा भत्ता द्या.

व्यायामाचे पत्रक कन्नडबरोबर मराठीतही छापा. हा सीमाप्रश्नाचा अर्ज नव्हे. श्वास कधी रोखायचा आणि कधी सोडायचा हे माणसाला वाचून कळले पाहिजे, एवढीच गरज आहे.

अधिवेशनात एका प्रश्नाचे उत्तर मिळावे: बेळगाव जिल्ह्यातल्या तालुका रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची किती पदे मंजूर आहेत, आणि त्यांतली किती भरलेली आहेत?

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट
शहापूर, बेळगाव