पोर्टेबल हार्ड डिस्कची वॉरंटी नाकारल्याबाबत तक्रार

सोलापूर
दिनांक : १० एप्रिल २०२५

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘बाह्य इजा’ या शेऱ्याखाली हार्ड डिस्कची दुरुस्ती नाकारल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची २ टीबी क्षमतेची पोर्टेबल हार्ड डिस्क मी ऑगस्ट २०२४ मध्ये येथील नवी पेठेतील एका दुकानातून ६,२९९ रुपयांना विकत घेतली. खोक्यावर तीन वर्षांची वॉरंटी छापलेली आहे. आठव्या महिन्यातच ती निकामी झाली, आणि आपल्या सेवा केंद्राने ‘बाह्य इजा’ एवढे दोन शब्द लिहून ती २ एप्रिल रोजी दुरुस्तीविना परत पाठवली. हा शेरा मला मान्य नाही.

खरेदी करताना मी घाई केली नव्हती. घरच्या संगणकाला यूएसबी ३.० चे निळे पोर्ट आहे हे पाहूनच, आणि वेगळा अडॅप्टर सांभाळावा लागू नये म्हणून, यूएसबीवरूनच वीज घेणारी अडीच इंची डिस्क निवडली. जोडल्यावर विंडोजमध्ये २ ऐवजी १.८१ टीबी दिसले, त्याबद्दलही मी कुरकूर केली नाही. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या, हे मला ठाऊक होते.

फेब्रुवारीपासून मात्र फाइल कॉपी होत असतानाच डिस्क नाहीशी होऊ लागली. वायर बोटाने किंचित वर उचलून धरली की ती दिसायची, हात काढला की पुन्हा गायब. मी केबल बदलून पाहिली, शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला जोडून पाहिली, तरी तेच. डिस्कवरचे सॉकेटच आतून हलत होते. वायर धरून ठेवली असता तबकडी नेहमीसारखी फिरे, खटखट असा आवाज एकदाही आला नाही, त्यामुळे आतील माहिती शाबूत असावी असे मानायला जागा आहे.

ओळखीच्या कारागिराचे म्हणणे होते की कवच उघडून डिस्क थेट साटा केबलने (संगणकाच्या आतल्या डिस्क जोडायच्या वायरने) जोडून पाहू. वॉरंटी जाईल या भीतीने मी त्यांना हात लावू दिला नाही. पुढे आपल्या प्रतिनिधींकडून फोनवर कळले की या मॉडेलला आत साटा जोडणीच नाही, यूएसबीचे सॉकेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच सोल्डर केलेले आहे. म्हणजे नखाएवढे सॉकेट सैल झाले की आत जाण्याचा एकमेव रस्ता बंद. ही गोष्ट खोक्यावर कुठेही लिहिलेली नाही. लिहिली असती तर मी दुसरे मॉडेल घेतले असते.

आता ‘बाह्य इजे’विषयी. डिस्क कधीही पडलेली नाही, कवचावर ओरखडासुद्धा नाही. आपण दिलेली केबल जेमतेम दीड फुटाची असल्यामुळे डिस्क लोंबकळू नये म्हणून मी सीपीयूशेजारी मुद्दाम एक स्टूल ठेवले होते. आठवड्यातून दोनदा या हिशेबाने ती फार तर साठ-सत्तर वेळा जोडली-काढली गेली असेल, आणि या सॉकेटच्या, म्हणजे मायक्रो यूएसबी जोडणीचे मानक १०,००० वेळांचे आहे. इतक्या कमी वापरात निखळलेले सॉकेट हा जोडकामातला दोष नाही तर काय?

या डिस्कवर माझ्या वडिलांनी काढलेल्या, येथील सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वज मिरवणुकीच्या जुन्या छायाचित्रांचे स्कॅन आहेत. मूळ छायाचित्रांना वाळवी लागल्यावर ती मी वर्षभर बसून स्कॅन केली होती. दुसरी प्रत ठेवली नाही, ही चूक माझी आणि ती मी आपल्यावर ढकलत नाही. मात्र वॉरंटीत डिस्क बदलून मिळाली तरी जुनी जमा करावी लागते आणि त्यातील माहितीची जबाबदारी कंपनी घेत नाही, असेही मला सांगण्यात आले. तशी बदली माझ्या काय कामाची?

म्हणून विनंती अशी की, सदर शेरा रद्द करून सॉकेट विनामूल्य बदलून द्यावे. ते शक्य नसल्यास आधी माहिती नव्या डिस्कवर उतरवून द्यावी, मगच जुनी जमा करून घ्यावी. तरीही नकारच असेल, तर तपासणीत नेमके काय आढळले ते छायाचित्रांसह लेखी कळवावे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपले कार्यालय परगावी असण्याची मला अडचण नाही.

कळावे,
आपला एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, सेवा केंद्राच्या शेऱ्याची प्रत, डिस्कची चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे.