‘705 मधून 268’ समजावून सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

आपण दोन वर्षे माझ्या मुलीकडून गणित करून घेतलेत आणि त्यासाठी एक पैसाही घेतला नाहीत. तोंडी आभार मी अनेकदा मानले आहेत. परंतु आपण नेमके काय केलेत हे डिचोलीतील आणि एकूणच गोव्यातील इतर पालकांनाही कळावे, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली माझी मुलगी पाचवीत इंग्रजी माध्यमात गेली. आपल्याकडे कितीतरी मुले याच वाटेने जातात. पहिल्याच चाचणीत ती गणितात नापास झाली. तिचा पाया कच्चा आहे असे मला सांगण्यात आले, आणि मीही ते खरे मानून तिला रोज संध्याकाळी पाढे म्हणायला बसवू लागले, जे तिला मुळातच पाठ होते. आपण मात्र सोप्यावर बसून तिची उत्तरपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीत आणि म्हणालात, “हिची आकडेमोड कुठेच चुकलेली नाही.” ते ऐकून तिला रडू कोसळले. कित्येक आठवड्यांत तिच्याविषयी गणितातले एवढे चांगले कोणी बोलले नव्हते.

प्रश्न होता, ‘सबट्रॅक्ट 268 फ्रॉम 705’. मराठीत आपण ‘705 मधून 268 वजा करा’ म्हणतो, म्हणजे ज्यातून काढायचे ती संख्या आधी येते. इंग्रजी वाक्यात ती शेवटी येते. मुलीने आकडे वाचले त्याच क्रमाने मांडले, 268 मधून 705 जाईनात, म्हणून तिने बेरीज केली आणि 973 हे उत्तर लिहिले. ती बेरीज बिनचूक होती. आपण तिला नियम सांगितला नाहीत. ते वाक्य स्वतःच्या भाषेत म्हणून दाखवायला सांगितलेत. आमच्या घरच्या कोकणी-मराठी मिसळलेल्या बोलीत तिने ते तीनदा म्हटले, आणि तिसऱ्या वेळी तिने आपणहून 705 वर लिहून 437 हे उत्तर काढले.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवायलाच हवी. शाब्दिक उदाहरणात ‘जास्त’ दिसले की बेरीज आणि ‘कमी’ दिसले की वजाबाकी, अशी युक्ती मी तिला शिकवली होती. आपण तिला विचारलेत, “सीताकडे 12 आंबे आहेत, ते गीतापेक्षा 4 ने जास्त आहेत, तर गीताकडे किती?” माझ्या युक्तीने तिने 16 सांगितले. “मग जास्त कोणाकडे झाले?” एवढेच आपण विचारलेत आणि गप्प राहिलात. आपले ते गप्प राहणे मला फार मोलाचे वाटते, कारण तिथे मी असते तर उत्तर सांगून मोकळी झाले असते आणि ते तिने स्वतः शोधण्याची संधी गेली असती.

मराठीतून शिकल्यामुळे मूल मागे पडते, असे आपल्या गावांत सर्रास म्हटले जाते. आपण तीच मराठी तिच्या हातात साधन म्हणून दिलीत. 49 गुणिले 6 करताना ती अडली, तेव्हा आपण तिला एकोणपन्नास हा शब्द फोडायला लावलात: पन्नासाला एक उणे. मग सहा पन्नास तीनशे, त्यातून सहा गेले की 294. कागदाची गरजच उरली नाही. शेकडेवारीसाठी तर आपण नारळांच्या शेकड्यापासूनच सुरुवात केलीत. शंभरांत आठ खराब निघाले तर अडीचशेत किती, या प्रश्नाला तिने वीस हे उत्तर दिले, आणि मगच आपण सांगितलेत की पुस्तकातले ‘परसेंट’ ते हेच. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज तिने दोन पंचमांश लिहिली होती, तेव्हा अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्याहून कमी कसे उरेल, या आपल्या एका प्रश्नाने ती चूक कायमची गेली.

ती आता सातवीत आहे आणि बीजगणित सुरू झाले आहे. मागच्या आठवड्यात ‘7 लेस दॅन एक्स’ असे वहीत आले. मी शेजारीच बसले होते आणि 7 वजा एक्स लिहिले जाणार अशी माझी खात्री होती. तिने ओठांतल्या ओठांत ‘एक्सपेक्षा सातने कमी’ म्हटले आणि एक्स वजा 7 लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळली. हे आपल्याला सांगायला ती स्वतः येणार आहे. तिच्याआधी मी लिहून टाकले, याबद्दल क्षमा असावी.

आपली कृतज्ञ,
एक पालक, डिचोली