लाइन कार्ड उपटण्याआधी लॉग जपा

महोदय,

इंटरनेट ठप्प झाल्याच्या बातमीत कारण म्हणून बहुधा 'तांत्रिक बिघाड' एवढेच छापून येते. या दोन शब्दांमागे कधी कधी मोठ्या राउटरमधले एखादे लाइन कार्ड असते. फायबरचे पोर्ट, पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पुढे धाडणारी चिप आणि तिची मेमरी या कार्डावर असते. ते पडले की त्यावरच्या सगळ्या जोडण्या एकदम पडतात. मग घाईघाईने कार्ड बाहेर ओढून पुन्हा बसवले जाते. ही सवय मोडायला हवी, एवढ्यासाठी हे पत्र. कार्ड रीस्टार्ट झाले की सेवा पुष्कळदा सुरू होते, पण कार्डाच्या मेमरीतली नोंद आणि एररचे काउंटर त्याच क्षणी पुसले जातात. खरा दोष तसाच राहतो आणि पुन्हा डोके वर काढतो.

आधी लॉग (राउटरने ठेवलेल्या घटनांच्या नोंदी), क्रॅश फाइल (कार्ड पडतानाची नोंद) आणि काउंटर उतरवून घ्यावेत. त्यासाठीचे आदेश असे: सिस्कोच्या राउटरवर 'शो लॉगिंग', 'शो प्लॅटफॉर्म', 'शो एन्व्हायर्नमेंट'. जुनिपरवर 'शो चॅसिस एफपीसी' आणि 'शो चॅसिस अलार्म्स'. यात फार तर दहा मिनिटे जातात. काउंटर मात्र पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्यावेत. सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेट) ४८,००० दिसल्या म्हणून घाबरण्यात अर्थ नाही, त्या सहा महिन्यांपूर्वीच्याही असू शकतात. दुसऱ्या वेळी आकडा ४८,३०० झाला असेल, तर दोष आत्ता, चालू आहे.

दिवा न लागलेले प्रत्येक कार्ड मेलेले नसते. पॉवर सप्लायची क्षमता अपुरी पडली तर राउटर स्वतःच कार्ड बंद ठेवतो. सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी असली तर नवे कार्ड ओळखलेच जात नाही. रिकाम्या स्लॉटवर (कार्ड बसवायच्या खाचेवर) झाकणपट्टी लावलेली नसेल तर हवा तिथूनच निसटते आणि शेजारचे कार्ड तापून बंद पडते. या तिन्ही ठिकाणी कार्ड बदलून काहीच साधत नाही.

सर्वांत जास्त गल्लत होते ती मेमरीच्या एररवरून. मेमरीतला एक बिट (० किंवा १) उलटला तर ईसीसी, म्हणजे मेमरीतली चूक-दुरुस्तीची सोय, तो जागच्या जागी दुरुस्त करते. दोन बिट उलटले तर चूक फक्त कळते, दुरुस्त होत नाही, आणि कार्ड बहुधा रीसेट होते. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात न्यूट्रॉन तयार होतात आणि त्यांच्या धक्क्यानेही चांगल्या चिपमधला बिट उलटतो. त्यामुळे अशी एरर एकदाच आली तर नोंद करून, रीसेट करून कार्डावर लक्ष ठेवावे. तोच मेमरी पत्ता किंवा तीच चिप लॉगमध्ये दुसऱ्यांदा दिसली, की मात्र कार्ड बदलावे. पहिल्याच एररला कार्ड परत पाठवणे आणि पाचव्या एररलाही नुसते रीसेट करत राहणे, दोन्ही चुकीचेच.

कार्डांना आपसात जोडणाऱ्या फॅब्रिकवर एरर असतील तर कागदावर तक्ता मांडावा: आडवी फॅब्रिक कार्डे, उभी लाइन कार्डे. एकाच लाइन कार्डाला सगळ्या फॅब्रिक कार्डांकडून एरर येत असतील, तर संशय त्या लाइन कार्डावर. सगळी लाइन कार्डे एकाच फॅब्रिक कार्डाकडे बोट दाखवत असतील, तर दोष त्या फॅब्रिक कार्डात. एकाच चौकटीत एरर असेल तर कार्ड नीट बसलेले नाही किंवा बॅकप्लेनची (सगळी कार्डे ज्यात बसतात त्या मागच्या पाटीची) पिन वाकलेली आहे, असे धरून चालावे.

एकाच पोर्टवर तक्रार असेल तर आधी प्रकाश मोजावा. पोर्टमध्ये बसून प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या मॉड्यूलपैकी दहा किलोमीटरच्या १० गिगाबिट एलआर मॉड्यूलला किमान उणे १४.४ डीबीएम (प्रकाशाच्या शक्तीचे माप) प्रकाश मिळायला हवा. कमी असेल तर कनेक्टर पुसावा, पॅचकॉर्ड (फायबरची छोटी जोडतार) बदलावी. प्रकाश ठीक असेल तर मॉड्यूल बदलून त्याच पोर्टचे ट्रान्समिट आणि रिसीव्ह एका पॅचकॉर्डने जोडावे. तरीही सीआरसी वाढत राहिला तर दोष पोर्टचाच. ऐंशी किलोमीटरच्या मॉड्यूलवर मात्र मध्ये १५ डीबीचा अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा जोड) हवाच, नाहीतर रिसीव्हर जळू शकतो.

एवढे झाल्यावर कार्ड काढावे. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधावा, कार्ड बाहेर आले की टॉर्च घेऊन कार्डाचा कनेक्टर आणि स्लॉटमधल्या पिना बघाव्यात. कार्डाचा कनेक्टर चेपलेला असेल तर ते दुसऱ्या स्लॉटमध्ये अजिबात घालू नये, तिथल्या पिनाही वाकतात, आणि बॅकप्लेन बदलायचा म्हणजे अख्खा राउटर बंद. कनेक्टर आणि पिना ठीक असतील तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावावे आणि खात्रीचे चांगले कार्ड या स्लॉटमध्ये. दोष कार्डासोबत गेला तर कार्ड खराब, स्लॉटमध्येच राहिला तर बॅकप्लेन. बसवताना दोन्ही लिव्हर पूर्ण मिटवून स्क्रू आवळावेत. अर्धवट बसलेले कार्ड सुरू होते आणि काही दिवसांनी थरथरीने संपर्क सोडते.

खराब कार्ड परत पाठवताना नुसते 'चालत नाही' लिहू नये. तपासणीच्या टेबलावर ते दोन तास सुरळीत चालते, 'दोष आढळला नाही' असा शेरा मिळतो आणि तेच कार्ड स्पेअर म्हणून पुन्हा कुठल्या तरी राउटरमध्ये बसते. स्लॉट क्रमांक, पोर्ट, एररचा मजकूर जसाच्या तसा, त्या वेळचे तापमान आणि अदलाबदलीत काय दिसले, ही पाच ओळींची चिठ्ठी खोक्यात टाकावी.

आपले,
नेटवर्क देखभालीचे काम करणारे अभियंते