मनाच्या दुखापतीचेही नियम ठरवा

महोदय,

इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिक २००६ मध्ये मानसिक त्रासामुळे भारत दौरा सोडून मायदेशी परतला, तेव्हा ‘वैयक्तिक कारण’ एवढेच जाहीर झाले. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने मानसिक आरोग्याचे कारण उघड सांगून विश्रांती घेतली. हा बदल मोठा आहे. पण मांडीचा स्नायू दुखावला तर स्कॅन होते, पुनरागमनाची मुदत ठरते. झोप उडालेला फलंदाज मात्र संघातली जागा जाईल या भीतीने गप्प राहतो. २०२२ मध्ये भारताने खेळाडूंच्या मानसिक तयारीसाठीचा प्रशिक्षक म्हणून पॅडी अप्टनला टी-२० विश्वचषकापर्यंतच नेमले. एवढ्याने काय होणार? विश्वास बसायलाच महिने लागतात. मानसतज्ज्ञ कायमस्वरूपी हवा आणि त्याच्याकडची माहिती निवड समितीपर्यंत जाता कामा नये, हे करारातच लिहा. लांब दौऱ्यात मध्येच घरी जाऊन येण्याची मुभाही हवी.

– एक क्रिकेटप्रेमी, ठाणे